मोडशीचं फ्रेंच नाव

'हॉब्सन-जॉब्सन' हे एका शब्दकोशाचं नाव आहे. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने तो १८८६ साली छापला. हिंदुस्थानात नोकरीला आणि व्यापाराला आलेल्या इंग्रजांच्या तोंडी जे देशी शब्द बसले, ते मूळचे कुठले, कोणाकोणाच्या तोंडून कसे वाकले आणि इंग्रजीत पोचेपर्यंत काय होऊन बसले, याचा हा कोश. कर्ते दोन: कर्नल हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल. नावातले हॉब्सन आणि जॉब्सन मात्र कोणी गृहस्थ नव्हेत. मोहरमच्या मिरवणुकीत छाती बडवत 'या हसन! या हुसेन!' असा आक्रोश चाले. तो गोऱ्या शिपायांनी ऐकला आणि त्यांच्या जिभेवर त्यातून दोन अस्सल इंग्रजी आडनावं तयार झाली.

कोशात या नावाची स्वतंत्र नोंद आहे. हसन-हुसेनचं हॉब्सन-जॉब्सन एका रात्रीत झालेलं नाही, हे तिच्यातून दिसतं. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर, जो जुन्नरपर्यंत येऊन गेला होता, तो 'होसीन गोसीन' असं लिहितो. पुढे व्हॅलेंटाइन नावाचा डच लेखक त्याचंच 'जाक्सम बाक्सम' करतो. यूलने ही सगळी उतरंड सनावार लावून दाखवली आहे. पुस्तकाला हेच नाव का दिलं, हेही तो प्रस्तावनेत सांगतो. परका शब्द आपल्या उच्चारात मुरवून घेण्याचा हा त्याला मोठा गमतीचा नमुना वाटला, शिवाय जोडनावातून दोघा कर्त्यांचंही सूचन होत होतं.

मला हे नाव खटकतं. करबलाच्या शोकाची हाक एका कोशाच्या मुखपृष्ठावर गंमत म्हणून यावी, यात राज्यकर्त्यांचा बेफिकीर कान आहे. पण त्याच वेळी आपल्या भाषेतला 'हैदोस' आठवतो. मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'हाय दोस्त' या हाकेतून तो आला अशी व्युत्पत्ती दिली जाते, आणि आपण तो वापरतो धिंगाण्यासाठी. आपल्या कित्येक गावांत ताबुतांपुढे हिंदूही नाचतात, डोल्यांना नवस बोलतात. तरी शब्दाचं व्हायचं ते झालंच. दुसऱ्याचा शोक ज्याच्या काळजापर्यंत पोचत नाही त्याला तो गलकाच ऐकू येतो, मग तो कान इंग्रजाचा असो की आपला.

यूल बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाची टीपांसह आवृत्ती त्याने १८७१ साली काढली आणि त्याचं नाव विद्वानांत झालं. बर्नेल मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला, संस्कृतचा गाढा जाणकार. तंजावरच्या राजवाड्यात भोसले राजांनी जपलेल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्याने केली, म्हणजे मराठी राजांच्या ग्रंथसंग्रहाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आलेला होता. १८८२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. छापील कोश त्याला पाहता आला नाही. उरलेलं काम यूलने एकट्याने तडीस नेलं आणि मुखपृष्ठावर नाव दोघांचं ठेवलं. १९०३ साली विल्यम क्रुकने दुसरी आवृत्ती काढली. त्याची भर चौकटी कंसात आहे, त्यामुळे कोणाचं काय हे आजही वेगळं दिसतं.

नोंदीची रचना साधी आहे. आधी अर्थ, मग मूळ, आणि मग तो शब्द कोणत्या साली कोणी कसा लिहिला याचे उतारे, जुन्यापासून नव्याकडे. खरी गोडी या उताऱ्यांत आहे. घाईचा वाचक अर्थ पाहून पान उलटतो आणि पुस्तक त्याच्या हातून निसटतं. खलाशी, पाद्री, वैद्य, दलाल, गव्हर्नर यांच्या तोंडून एकच शब्द दोन-तीनशे वर्षं ऐकत जावं, तेव्हा हा कोश बोलू लागतो.

माझ्या मते संपूर्ण ग्रंथातली सर्वोत्तम नोंद आहे 'मॉर् द शियँ' या शब्दाची. शब्द फ्रेंच दिसतो, आणि त्याचा अर्थ होतो कुत्र्याचं मरण. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत हिंदुस्थानातले युरोपीय लोक पटकीच्या रोगाला हे नाव देत. फ्रेंच जाणणाऱ्याला शंकाही येणार नाही. काही तासांत माणूस ओकून-ढाळून निपचित होतो, अंग थंड पडतं, डोळे खोल जातात. कुत्र्याच्या मौतीने मेला म्हणावं असंच ते मरण. नाव इतकं चपखल बसतं की त्याच्या मागे जावंसं कोणालाच वाटू नये. यूल मागे गेला.

त्याने दाखवलं की हे फ्रेंच नाव म्हणजे पोर्तुगीज 'मोर्देशीं' या शब्दाला चढवलेला फ्रेंच वेश आहे. आणि पोर्तुगीज शब्द? तो गोव्याच्या किनाऱ्यावर उचललेला, कोकणी-मराठी 'मोडशी'. मूळ धातू मोडणे. इथे मराठी वाचक यूलच्याही पुढे जातो, कारण त्याला व्युत्पत्ती समजावून घ्यावी लागत नाही, ती त्याच्या अंगात असते. ताप भरण्याआधी आपलं अंग मोडून येतं. उभा संसार मोडतो, घर मोडकळीला येतं. धडधाकट माणसाला मोडून टाकणारा रोग तो मोडशी. कोकणात आणि गोव्यात जुन्या माणसांच्या बोलण्यात पोट बिघडण्यासाठी, जुलाब-ओकाऱ्यांसाठी हा शब्द अजून येतो; त्याच्या मागे केवढा इतिहास आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं.

उताऱ्यांत गॅस्पार कोरिया हा पोर्तुगीज बखरकार आहे. १५४३ च्या सुमारास गोव्यात आलेल्या साथीचं तो वर्णन करतो. अंगावरच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही ती सोडत नव्हती, असं तो लिहितो, आणि इथले लोक तिला 'मोर्शी' म्हणतात हेही नोंदवतो. त्याच्यानंतर येतो गार्सिया द ओर्ता. हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य. मुंबईचं बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. ते संवादरूप आहे. त्यातला जो तुकडा यूलने घेतला आहे, तो एखाद्या नाटकातल्या प्रवेशासारखा आहे. ओर्ता आपल्या पाहुण्याशी बोलत बसला आहे. एवढ्यात दोम जेरोनिमोकडून नोकर येतो: भावाला तातडीने पाहायला यावं, ही भेटीची वेळ नव्हे हे खरं, पण उशीर केला तर धोका आहे. काय झालंय, किती वेळ झाला, असं ओर्ता विचारतो. मोर्शी झालीय, दोन तास झाले. ओर्ता निघायला उठतो, आणि पाहुणा रुआनो विचारतो की इतक्या झपाट्याने मारणारा हाच का तो रोग, आणि आपले लोक व इथले लोक त्याला काय म्हणतात. वैद्य उत्तर देतो की इथले लोक म्हणतात मोर्शी, आणि तेच बिघडवून आपण म्हणतो मोर्देशी.

शब्द बिघडतो आहे, आणि बिघडवणाऱ्यांतलाच एक जण तसं स्वच्छ सांगतो आहे, तेही रोगी तिकडे वाट पाहत असताना. शब्दाच्या व्युत्पत्तीला याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण. पुढच्या उताऱ्यांत गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस राहिलेला डच लिन्स्कोटेन येतो, इतर प्रवासी येतात. लाल तापवलेल्या लोखंडाने टाचेला डाग देण्याचा तेव्हाचा उपचार येतो. आणि एका वळणावर मोर्देशीं फ्रेंचांच्या कानी पडतं. त्यांना त्यात मोडणं ऐकू येत नाही, येणारही नाही. त्यांना ऐकू येतं मरण, आणि ऐकू येतो कुत्रा. अर्थ संपूर्ण बदलला, तरी भय तसंच राहिलं.

यूलचा इथला हेतू केवळ शब्दकुतूहलाचा नाही. पटकीची मोठी साथ १८१७ साली बंगालमधल्या जेसोरकडून पसरली, म्हणून हा रोग हिंदुस्थानात तेव्हाच प्रथम उपजला असं अनेक जण मानत होते. यूल हे मत निराधार ठरवतो, आणि पुरावा म्हणून पुढे करतो तो हा शब्द: तीनशे वर्षं ज्याचं नाव लोकांच्या तोंडी आहे तो रोग नवा कसा? नाव एक म्हणून रोग नेमका तोच, हे एवढ्याने सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. तरीही कोशातली नोंद वैद्यकाच्या इतिहासाशी वाद घालते, आणि त्या वादात मराठी शब्द साक्षीला उभा राहतो, याचा मला अभिमान वाटतो.

मुंबईची नोंदही अशीच बाणेदार आहे. पोर्तुगीज 'बों बाहिया', म्हणजे चांगली खाडी, यावरून बॉम्बे झालं अशी समजूत तेव्हा सर्रास होती, आजही ऐकू येते. यूल ती दोन फटक्यांत मोडीत काढतो. पोर्तुगीजमध्ये खाडी स्त्रीलिंगी आहे, तेव्हा विशेषण 'बों' लागणारच नाही, व्याकरण चुकतं. आणि इतिहासही चुकतो, कारण पोर्तुगीज यायच्या आधीपासून मुंबादेवीच्या नावाने हे बेट ओळखलं जात होतं. १८८६ सालच्या इंग्रजी कोशात हे इतक्या ठामपणे छापलेलं आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

मात्र मुंबई इलाख्याकडे हा कोश जरा कमी पडतो, आणि त्याचं कारणही उघड आहे. यूल बंगालचा, बर्नेल मद्रासचा, क्रुक उत्तरेतल्या प्रांतांचा. तिघांपैकी एकही आपल्या बाजूचा नव्हता. 'डंगरी' या शब्दाची नोंद पाहावी. जाडंभरडं सुती कापड, एवढा अर्थ देऊन पहिली आवृत्ती थांबते. आपल्या माहितीतल्या कुठल्याच कोशात हा शब्द नाही, असं म्हणते. वास्तविक मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'डोंगरी कापड' आहे. डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या वस्तीत जे साधं देशी कापड विकलं जाई ते डोंगरी, आणि पुढे कुठलंही हलकं, स्वस्त सुती कापड. क्रुकने १९०३ मध्ये चौकटी कंसात मोल्सवर्थचा दाखला घातला आणि शब्द मुंबईच्या डोंगरीत परत आणून सोडला. आज जगभर मुलंमुली डंगरी घालतात. मशीद बंदराच्या अलीकडची ती गजबजलेली वस्ती त्या नावात आहे.

'मंगूस' मात्र त्यांनी बरोबर ओळखला. उत्तरेत ज्याला नेवला म्हणतात त्या प्राण्याचं इंग्रजी नाव दक्षिणेकडून, आपल्या मुंगसावरून आणि त्याच्या तेलुगू भावंडावरून गेलं. 'जिमखाना' हा शब्द मुंबई इलाख्यात कोणी तरी जुळवला असावा, बहुधा 'गेंदखान्या'वरून, असा त्यांचा कयास आहे. 'टँक'च्या बाबतीत ते आपला निकाल राखून ठेवतात. गुजराती-मराठी टाकं एकीकडे, पोर्तुगीज 'टांके' दुसरीकडे, दोन्ही झरे एकाच शब्दात येऊन मिळालेले दिसतात. गडकिल्ल्यांवरची कातळात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत, आणि उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एखाद्या गावात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना ही नोंद पुन्हा वाचावीशी वाटेल.

आता या कोशातलं सर्वांत बोलकं प्रकरण. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी देशी क्रियापदं घेतली ती जवळजवळ सगळी आज्ञार्थातली. 'बनाव'पासून 'बुनाऊ', 'लगाव'पासून 'लुगाऊ', 'पकडाव'पासून 'पकराऊ', 'समझाव'पासून 'सुमजाऊ', 'फुसलाव'पासून 'फूझिलाऊ', आणि 'धमकाव'पासून 'डमकाऊ'. केशांना लावायचा शाम्पूसुद्धा मूळचा 'चांपो', म्हणजे अंग रगड, चेप असा हुकूम. यूल या खोडीची नोंद व्याकरणाची गंमत म्हणून करतो आणि पुढे जातो. मला वाटतं, इथे थांबायला हवं होतं. जी भाषा माणूस फक्त नोकराशी बोलतो, तिच्यातलं त्याला आज्ञार्थाशिवाय काय ऐकू येणार? त्याच्यापाशी कोणी 'मी बनवतो', 'आम्ही पकडलं', 'तिने समजावलं' असं बोलतच नव्हतं, किंवा बोलत होतं ते त्याच्या कानी जात नव्हतं. राज्य कसं चालत होतं हे कितीही गॅझेटिअरं वाचून कळणार नाही इतकं या पाच-सहा क्रियापदांतून कळतं. त्यांच्या शेजारी 'होम' हा शब्द ठेवावा. तोही कोशात आहे, अर्थ दिला आहे इंग्लंड. इथे तीस-तीस वर्षं काढलेली, परत जाण्याची आशा सुटलेली माणसंही या देशाला घर म्हणत नसत, अशी साक्ष त्याच नोंदीत मिळते.

यूलला कधीकधी मोह आवरत नाही. कशाचीही फिकीर नसल्याचं सांगताना 'मी एक डॅमही देत नाही' असं इंग्रज म्हणतात. तो डॅम म्हणजे आपला दाम, अकबराच्या काळातलं रुपयाच्या चाळिसाव्या हिश्श्याचं तांब्याचं नाणं, अशी त्याची कल्पना. मराठी मनाला हे पटकन पटतं, कवडीची किंमत न देणं ही आपलीच तऱ्हा. पण ऑक्सफर्डच्या थोर कोशाने ही कल्पना चतुर पण बिनबुडाची म्हणून बाजूला ठेवली. ते योग्यच झालं. सुंदर व्युत्पत्तीवर विश्वास ठेवण्याआधी उतारे मागावेत, हे यूलनेच मॉर् द शियँच्या निमित्ताने शिकवलं आहे. आणि 'बाबू' या शब्दाच्या नोंदीत सुशिक्षित बंगाल्यांविषयी जो तुच्छतेचा सूर लागतो, तो सूर त्या काळाचा म्हणून सोडून देणं मला जमत नाही. विद्वत्ता आणि तुच्छता एकाच पानावर नांदू शकतात, हे हा ग्रंथ न लपवता दाखवतो.

एक नोंद आहे 'अप्पर रॉजर'. १७५५ सालच्या ब्रह्मदेशातल्या एका पत्रात हा माणूस येतो. हा कोणी रॉजर नावाचा वरिष्ठ साहेब नसून तिथला युवराज आहे! युवराजाचा अप्पर रॉजर. यूल या नमुन्यावर बेहद्द खूश आहे. मला तो वाचताना वडगाव मावळची आठवण होते. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून येणाऱ्या इंग्रज फौजेतला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला. त्याच्या शौर्याने मराठे इतके प्रभावित झाले की त्याला त्यांनी फाकडा म्हटलं, आणि स्टुअर्टचा झाला इष्टुर. इष्टुर फाकडा. शत्रूचं नाव आपल्या जिभेवर घोळवून त्याच्यापुढे आपला गौरवाचा शब्द लावायचा, याला मोठं मन लागतं. एल्फिन्स्टनचा अलपिष्टन आपणच केला. अलपिष्टन, इष्टुर, पाटलोण, इस्पितळ, हैदोस: या शब्दांचं आपलं हॉब्सन-जॉब्सन कुठे आहे?

मोल्सवर्थने अर्थ दिले. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने वाङ्मयातले दाखले दिले. कृ. पां. कुलकर्ण्यांनी १९४६ साली व्युत्पत्तिकोश दिला. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांच्या कोशाने प्राचीन मराठी उतारे देऊन लख्ख केली. पण परका शब्द मराठीत कोणत्या साली, कोणाच्या पत्रात, कोणत्या रूपात प्रथम आला आणि पुढे कसा वळत गेला, हे सनावार उतारे लावून सांगणारा कोश आपल्याकडे नाही. साधनं नाहीत असं म्हणता येत नाही. पेशवे दफ्तर आहे, इतिहासकार राजवाड्यांनी छापलेली साधनं आहेत, बखरी आहेत, वकिलांची पत्रं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पत्रांवर तिथी-वार लिहिलेले आहेत. हे एकट्याचं काम नव्हे. यूल-बर्नेललाही दुसऱ्यांची पुस्तकं पालथी घालत एकमेकांना पत्रं लिहीत बसावं लागलं. विद्यापीठांतल्या मराठी आणि इतिहास विभागांनी मिळून हे हाती घ्यावं. तोवर वाचकांनी एवढं करावं: जुन्या पत्रात, बखरीत, आजोबांच्या वहीत असा वाकलेला शब्द दिसला की तो, ते वाक्य आणि त्यावरची तारीख उतरवून ठेवावी. तारीख मात्र विसरू नये.